बू हार्तिनींची मूठ

शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पाच प्रमाणपत्रं हवी होती आणि बुधवारची दुपार झाली तरी बू हार्तिनींच्या हातात एकही पडलं नव्हतं.

"एकसुद्धा नाही!" दुकानातून कढईकडे आणि कढईकडून दुकानात फेऱ्या मारत त्या म्हणाल्या. "समोरच्या लास्मीची सगळी माणसं पास. तिचा तो भाऊ, ज्याला उठता-बसता जांभया येतात, तोसुद्धा पास! आणि आमचं घोडं अजून पहिल्या धड्यातच. हात कसे धुवावेत! हात धुवायला दोन दिवस लागतात का कुणाला?"

"धडा वीस मिनिटांचाच आहे, बू," गल्ल्यावरची रेत्नो म्हणाली. "पण मध्येच गिऱ्हाईक आलं की थांबवावा लागतो, आणि थांबवला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो."

"मग गिऱ्हाईक घालवून दे!"

चौतीस वर्षांच्या धंद्यात बू हार्तिनींच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच निघालं होतं. प्रकरण किती टोकाला गेलं होतं, याचा अंदाज त्यावरून यावा.

झालं होतं असं. जावा बेटावरच्या सोलोच्या स्टेशनावर प्रवाशांसाठी खाऊचं नवं दुकान निघणार होतं. तिथे पेयेकसाठी, म्हणजे शेंगदाण्याच्या कुरकुरीत चकत्यांसाठी, एकच फळी होती आणि गल्लीत पेयेकवाल्या दोन होत्या, बू हार्तिनी आणि बू लास्मी; बाईला तिकडे मानाने बू म्हणतात. दुकानवाल्यांनी दोघींच्या पुड्या खाऊन पाहिल्या. "चव हार्तिनींची," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. फक्त एक अट घातली. पदार्थाला ज्याचा ज्याचा हात लागतो, त्याने ऑनलाइन प्रशिक्षण पुरं केलेलं असलं पाहिजे. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्याने पिठाला आणि कढईला शिवायचं नाही. कागद शनिवारी पाचपर्यंत आले नाहीत, तर फळी लास्मीची.

बू हार्तिनींकडे माणसं चार. गल्ल्यावर रेत्नो, जिला फोनमधलं सगळं कळत होतं. पुड्या बांधायला यात्मी, जिला फोनमधलं काहीच कळत नव्हतं. माल पोचवायला पार्दी, तीनचाकी गाडीसकट. आणि कढईवर म्बाह कार्सी. यांचं वय सदुसष्ट, आजीच्या मानाने सगळे त्यांना म्बाह म्हणत, आणि त्यांच्यासारखं पेयेक सोलोत कुणाला जमत नव्हतं. तांदळाच्या पिठात नारळाचं दूध, त्यात शेंगदाणे; चमचाभर पीठ त्या कढईच्या तापलेल्या काठावर सोडत, ते घसरत तेलात उतरे आणि कागदासारखी पातळ, जाळीदार चकती होऊन वर येई. त्यांनी नुसता चमचा धरला तरी पीठ शिस्तीत वागायचं.

चार माणसांचं प्रशिक्षण घ्यावं तर पाच जणांचा संच स्वस्त पडत होता. म्हणून पाचवं नाव बू हार्तिनींनी स्वतःचं घातलं. "मालकांची परीक्षा नावापुरतीच असते," त्या म्हणाल्या.

खरी काळजी म्बाह कार्सींची होती. त्यांना बारीक अक्षर दिसत नसे आणि मोठं अक्षर वाचायचा कंटाळा येई. बुधवारीच बू हार्तिनींनी दुकानाबाहेर आंब्याच्या झाडाखाली वेताची खुर्ची आणून ठेवली. तिच्यावर फुलाफुलांची उशीही घातली.

"म्बाह, ही खुर्ची तुमच्यासाठी. म्हणजे, समजा, देव न करो, पण समजा प्रमाणपत्र नाहीच मिळालं, तर इथे निवांत बसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं. पगार चालू राहील."

"हो, बू," म्बाह कार्सी म्हणाल्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मग कढईकडे पाहिलं. चौतीस वर्षं त्या कढईपासून चार हातांवर उभ्या होत्या. त्या खुर्चीवर त्या दिवशी त्या एकदाही बसल्या नाहीत. मांजर मात्र लगेच बसलं.

मांजराचं नाव तेलो. दुकानात तांदळाचं पीठ हिशेबापेक्षा नेहमी लवकर संपे, म्हणून बू हार्तिनींनी उंदरांसाठी ते आणलं होतं. अकरा वर्षांत त्याने एकही उंदीर धरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पीठ तरीही लवकर संपतच होतं.

गुरुवारपासून अभ्यासाला खरा वेग आला. गल्ल्यावर फोन उभा करून सगळे स्टुलांवर बसत. फोनमध्ये टाय लावलेला एक तरुण माणूस चकचकीत ओट्यापुढे उभा राहून शिकवी.

"याने जन्मात कढई धुतलेली नाही," बू हार्तिनी मागून म्हणाल्या. "हात बघा त्याचे. आणि तेलाच्या कढईजवळ टाय लोंबतोय! पहिला पेटेल तो हाच. आणि बोलतो किती! 'नमस्कार मित्रांनो' म्हणायला दीड मिनिट. आवाज तर असा, की मध्येच विहिरीतून बोलतो, मध्येच कानात. लोकांचे पैसे घेऊन असलं शिकवतात?"

तीन दिवसांत त्यांनी त्या प्रशिक्षणात सतरा दोष काढले. भाजीवाल्याला सांगितले, शिंपिणीला सांगितले, शुक्रवारी नमाजाहून परतणाऱ्या गल्लीतल्या चार सभ्य माणसांनाही थांबवून सांगितले. हे सतरा दोष लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचं काम आहे.

हात धुणं, हसून बोलणं, आग लागली तर काय, असं करत शुक्रवारी सकाळी आठ धडे झाले. म्बाह कार्सींना रेत्नो प्रश्न वाचून दाखवी आणि त्या उत्तर देत. आगीच्या धड्यात त्यांचे सगळे प्रश्न बरोबर आले आणि टायवाल्याचं एक उत्तर चुकलं, असं त्यांचं मत पडलं. मग आला नववा धडा, आणि त्यातला चौथा प्रश्न, ज्याला माफी नव्हती. तो चुकला की सगळा धडा नापास.

प्रश्न असा होता. 'मालकांनी हात न धुता पिठात हात घातला. तुम्ही काय कराल?' एक, हसून गप्प राहाल. दोन, सोबतच्या कामगाराच्या कानात सांगाल. तीन, मालक गेल्यावर पीठ बदलाल. चार, मालकांना तिथल्या तिथे स्पष्ट सांगाल.

रेत्नोने एक दाबलं. यात्मीनेही एक. पार्दीने दोन. म्बाह कार्सींना प्रश्न वाचून दाखवला तेव्हा चारही उत्तरं संपायच्या आतच त्या म्हणाल्या, "तीन." जणू कुणी त्यांना रोजचंच काम विचारलं होतं.

चौघेही नापास.

"अरे, चार! चार नंबर!" बू हार्तिनींनी कपाळावर हात मारला. "माझ्याशी कुणीही मोकळं बोलावं, हे मी किती वर्षं सांगतेय?"

"हो, बू."

"मग बोलता ना मोकळं?"

"हो, बू."

"माझं काही चुकलं तर सांगाल ना?"

"तुमचं कुठे काय चुकतं, बू?" चौघे एका सुरात म्हणाले.

"मग दाबा चार. चल, पार्दी. मी बघते."

त्या पार्दीच्या मागे उभ्या राहिल्या. पार्दीचं बोट चारवर गेलं, मागे आलं.

"काय झालं?"

"बू, तुम्ही मागे उभ्या असताना 'मालकांना तिथल्या तिथे सांगेन' असं दाबायचं म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"काही नाही, बू," पार्दी म्हणाला आणि त्याने एक दाबलं.

दिवसाला तीनच संधी होत्या. पार्दीकडे आता एकच उरली. शेवटी बू हार्तिनी रस्त्यापलीकडे गेल्या आणि लास्मीच्या दुकानाशेजारी केळी बघत उभ्या राहिल्या. केळी घ्यायची नव्हती, पण दहा मिनिटं बघितल्यावर घ्यावी लागली. इकडे रेत्नोने डोळे मिटून चार दाबलं, यात्मीने 'माफ करा, बू' असं पुटपुटत दाबलं, पार्दीचं बोट रेत्नोने धरून दाबलं. चौघेही पास झाले. टाळ्या वाजल्या, आणि लगेच फोनवर नवी ओळ उमटली. 'अभिनंदन! शेवटची पायरी. शनिवारी सकाळी दहा वाजता प्रशिक्षिका तुमच्याशी थेट बोलतील. प्रत्येक कामगाराने मालकांसमोर, मालकांची एक खरी चूक स्पष्ट शब्दांत सांगायची आहे.'

टाळ्या थांबल्या. यात्मी रडायच्या बेताला आली.

"तोंडावर?" तिने विचारलं.

"तोंडावर," रेत्नो म्हणाली.

"त्या ऐकत असताना?"

"अगं, नाहीतर कशाला?"

बू हार्तिनी केळ्यांचा घड घेऊन आल्या आणि सगळं ऐकून खाली बसल्या. पण हातपाय गाळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "तालीम करू," त्या म्हणाल्या. "यात्मी, सांग माझी चूक."

"नाही, बू."

"काय नाही?"

"चूक नाही, बू."

"पार्दी?"

"तुम्ही केळी जरा महाग आणलीत का, बू? नाही, स्वस्तच असतील. केळी चांगली आहेत."

अर्धा तास दटावून, चुचकारून, केळी वाटून झाली तरी कुणाच्या तोंडून एक दोष निघेना. शेवटी बू हार्तिनींनी दुपारचं जेवण बाजूला सारलं आणि स्वतःचे दोष स्वतःच लिहायला बसल्या. चार दोष शोधायला त्यांना सव्वा तास लागला. मुळात कमी असल्यामुळे लागला, असं त्यांचं म्हणणं. मग चौघांना चार चिठ्ठ्या वाटल्या.

रेत्नोच्या चिठ्ठीत होतं, 'बू फार पहाटे उठतात, त्यामुळे आम्हाला लाजल्यासारखं होतं.' पार्दीला, 'बू माणसांची नको इतकी काळजी घेतात.' यात्मीला, 'बू कामाच्या नादात जेवायला विसरतात.' आणि म्बाह कार्सींना, 'बू मिठाच्या बाबतीत फारच काटेकोर आहेत. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही.'

हे शेवटचं खरंच होतं. पाक दार्माजी, म्हणजे बूंचे यजमान, हयात असताना रोज सकाळी पिठाच्या पातेल्यात स्वतःच्या हाताने तीन मुठी मीठ घालत. ते गेल्यापासून तो मान बू हार्तिनींनी स्वतःकडे घेतला होता. देवाचं नाव घेऊन, बाही वर करून, मोजून तीन मुठी. गिऱ्हाइकं म्हणत, "हार्तिनींच्या हाताला चव आहे," आणि त्या हाताकडे बघून लाजत.

म्बाह कार्सींनी चिठ्ठी हातभर लांब धरली, रेत्नोकडून वाचून घेतली, घडी घालून कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "हं."

शनिवारी सकाळी सगळे इस्त्रीचे कपडे घालून गल्ल्याभोवती बसले. गल्ल्याच्या वर मोराच्या पिसाऱ्याचं सोनेरी घड्याळ होतं. बू हार्तिनींनी चार वर्षांपूर्वी ते समारांगहून मांडीवर घेऊन आणलं होतं. त्यात पावणेदहा झाले होते.

"अजून पंधरा मिनिटं आहेत," बू हार्तिनी येरझाऱ्या घालत म्हणाल्या. "चिठ्ठ्या पुन्हा म्हणा."

रेत्नोने फोनकडे पाहिलं, पार्दीने रेत्नोकडे पाहिलं, यात्मीने जमिनीकडे.

"बू," रेत्नो म्हणाली, "आत्ताच फोन जोडून ठेवला तर?"

"इतक्या लवकर? त्या बाईंना वाटेल आपण उतावळे आहोत."

"बाई कदाचित लवकर आल्या असतील."

"लवकर कशाला येतील? त्यांना कामं असतील."

"कामं असतीलच, बू," पार्दी घाम पुसत म्हणाला, "म्हणून म्हणतो, एखाद्याचं घड्याळ पुढे असतं..."

"ज्याचं पुढे असेल त्याने थांबावं!"

सगळे थांबले. मोराच्या घड्याळात दहाला पाच कमी झाले तेव्हा बू हार्तिनींनी परवानगी दिली. फोन जोडताक्षणी पडद्यावर एक रुंद चेहऱ्याची, चष्मेवाली बाई दिसली. ती हसत नव्हती.

"मी तियुर," ती म्हणाली. "मेदानची आहे, तेव्हा सरळ बोलते. पंधरा मिनिटं मी भिंतीकडे बघत बसलेय. हे काय वागणं झालं?"

"पंधरा मिनिटं?" बू हार्तिनी गोड हसल्या. "अजून तर पाच मिनिटं आहेत, बू तियुर. हे बघा ना आमचं घड्याळ."

"तुमचं घड्याळ राहू दे. सव्वादहा झालेत. आणखी एका जागी मला पावणेअकराला बोलायचंय. चला, पहिलं कोण?"

रेत्नो उठली आणि एका दमात म्हणाली, "बू-फार-पहाटे-उठतात-त्यामुळे-आम्हाला-लाजल्यासारखं-होतं."

"ही तक्रार आहे की वाढदिवसाचं भाषण?" तियुर म्हणाली. "हातात काय आहे तुमच्या? चिठ्ठी? कुणी लिहिली?"

तीन माणसांनी एकदम बू हार्तिनींकडे बघणं टाळलं, आणि तेवढं तियुरला पुरलं.

"मालकबाईंनी! स्वतःचे दोष स्वतःच लिहून दिले!" ती पहिल्यांदाच हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "चिठ्ठ्या खाली ठेवा. खरी चूक सांगा, नाहीतर मी पाचही नावांवर फुली मारते आणि चहा प्यायला जाते. तुम्ही, टोपीवाले."

पार्दीने टोपी काढली, पुन्हा घातली. "आमच्या बू फार चांगल्या आहेत," त्याने सुरुवात केली. तियुरने पेन उचललं. "म्हणजे, इतक्या चांगल्या, की उतारावरून माल घेऊन जाताना मी सारखी त्यांचीच आठवण काढतो. देवाची आणि त्यांची."

"का?"

"ब्रेक लागत नाहीत ना."

"काय?" बू हार्तिनी उभ्याच राहिल्या. "कधीपासून?"

"फार नाही, बू. मागच्या ईदपासून. आणि सपाटीवर लागतात थोडे. मी सांगितलं होतं तुम्हाला. 'गाडी हल्ली फार उत्साहाने पळते' असं म्हणालो होतो."

"मला वाटलं तू गाडीचं कौतुक करतोयस!"

"हे चालेल," तियुरने लिहून घेतलं. "रेत्नो, आता पुन्हा."

रेत्नोने डोळे मिटले. "बू गिऱ्हाइकांसमोर मला 'ही थोडी आळशी आहे' म्हणतात. हसत म्हणतात. मला हसू येत नाही."

बू हार्तिनी हळूच खाली बसल्या.

"छान. पुढे."

यात्मी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "घड्याळ," ती म्हणाली.

"काय घड्याळाचं?"

"मोराचं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे, बू. आणलं तेव्हापासून. आम्ही येतो फोनच्या वेळेवर आणि जातो मोराच्या वेळेवर."

चार माणसं, रोजची वीस मिनिटं, वर्षं चार. हा गुणाकार बू हार्तिनींच्या तोंडावर भराभर होताना सगळ्यांना दिसला. तो इथे मांडत नाही. उत्तर मोठं आहे.

"चार वर्षं! मग एकानेही सांगू नये?"

"तुम्ही ते इतक्या हौसेने मांडीवर घेऊन आला होतात, बू."

तियुर आता खुर्ची पुढे ओढून बसली होती. चहाचं तिने नाव काढलं नाही. "आणि त्या आजी?"

म्बाह कार्सी कढईजवळ उभ्या होत्या. त्या उघड्या दारातून आंब्याखालच्या खुर्चीकडे बघत होत्या. तिथे तेलो पाय ताणून झोपला होता.

"म्बाह," बू हार्तिनी हळूच म्हणाल्या, "सांगा काहीतरी. काहीही सांगा."

म्बाह कार्सींनी कमरेची चिठ्ठी काढून गल्ल्यावर ठेवली.

"मीठ जास्त होतं, बू," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं."

पलीकडे लास्मीच्या कढईत तेल चुरचुरत होतं.

"पण मी तीनच मुठी घालते," बू हार्तिनी म्हणाल्या. "त्यांच्यासारख्याच. एक दाणा जास्त नाही."

"हो, बू. तेही तीनच घालायचे. पण पाक दार्माजींची मूठ लहान होती. तुमची मोठी आहे."

बू हार्तिनींनी आपला हात वर केला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. तो खरोखरच मोठा होता. भरल्या गोणीचं तोंड एका पंजात धरणारा.

"मग एवढी गिऱ्हाइकं? आणि ते स्टेशनवाले? ते तर चव हार्तिनींची म्हणाले!"

"तुम्ही मीठ घालून पुढे दुकानात गेलात की मी अर्धं पीठ काढून टाकते आणि तेवढंच अळणी कालवते."

"रोज?"

"ईदची सुट्टी सोडून."

"म्हणजे ते पीठ... उंदीर..."

सगळ्यांनी तेलोकडे पाहिलं. तेलोने एक डोळा उघडून सगळ्यांकडे पाहिलं आणि मिटला.

"तुमच्या यजमानांची आठवण म्हणून घालत होता," म्बाह कार्सी म्हणाल्या. "ती कशी थांबवायची, बू? पीठ टाकलेलं बरं. पण उद्या तुम्ही मला त्या खुर्चीवर बसवाल, आणि मग अर्धं पातेलं बदलायला कुणी नसेल. फळी मिळेल, पण महिनाभरात परत जाईल. म्हणून सांगितलं."

बू हार्तिनींनी डोळ्यांच्या कडा पुसल्या, त्याही त्या मोठ्या हाताच्या पाठीने.

"पास!" तियुर ओरडली. "चौघेही पास! सहा वर्षं हे काम करतेय मी, पण असं कुणी बोललेलं ऐकलं नाही. प्रमाणपत्रं पाठवते. आता मालकबाई. तुमचा एकच प्रश्न आहे."

"विचारा की," बू हार्तिनी सावरून बसल्या. नावापुरतीच परीक्षा होती.

"आमच्या प्रशिक्षणात काय वाईट होतं? स्पष्ट सांगा. मला, तोंडावर."

रेत्नोच्या जिवात जीव आला. सतरा दोष! टाय, विहिरीतला आवाज, दीड मिनिटाचा नमस्कार. गल्लीत पाठ नव्हते असं कुणी उरलं नव्हतं.

बू हार्तिनींनी पडद्यावरच्या त्या बाईकडे पाहिलं. बिचारी सव्वादहापर्यंत भिंतीकडे बघत बसली होती. इतक्या लांबून बोलत होती. चेहऱ्यावरून थकलेली दिसत होती.

"फार छान होतं," त्या हसून म्हणाल्या. "काही उणं नाही."

"नक्की?"

पार्दीने तियुरला दिसणार नाही असा स्वतःच्या गळ्याशी टायचा अभिनय केला. यात्मीने दोन्ही कानांवर हात ठेवले. बू हार्तिनींनी त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

"शिकवणारा मुलगासुद्धा किती सुसंस्कृत," त्या पुढे म्हणाल्या. "टाय शोभतो त्याला."

"शेवटचं विचारते. एकही दोष नाही?"

"आम्हालाच शिकायला वेळ लागला, बू तियुर. तुमचं काय चुकणार?"

तियुरने उसासा टाकला आणि पेनाने एक ओळ मारली. "मालकबाई नापास. पुन्हा परीक्षा तीस दिवसांनी. बरं वाटलं भेटून, हे मात्र खरं सांगतेय." आणि पडदा काळा झाला.

पार्दीने स्टुलावर चढून मोराचं घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं, त्यामुळे हातातली वीस मिनिटं आणखी कमी झाली. दुपारभर बू हार्तिनी कधी कढईपाशी तर कधी दारापाशी चकरा मारत होत्या. कुठे फोन करता येईल का, कुणाला सांगता येईल का, लास्मीच्या भावाला कुणी काय विचारलं होतं, तो कसा पास झाला. स्टेशनवाल्यांच्या कागदावर एकच रकाना होता, 'पदार्थाला हात लावणाऱ्यांची नावं'. पाच नावं आधीच छापलेली. पाचला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी पेन मागितलं आणि पाचव्या नावावर स्वतःच्या हाताने रेघ मारली. रेत्नोने कागद पाठवला. पाचला दोन कमी असताना उत्तर आलं. फळी हार्तिनींची.

सोमवारी सकाळी बू हार्तिनी सवयीने बाही वर करून पातेल्याकडे निघाल्या. देवाचं नावही घेऊन झालं होतं. वाटेत चौघे उभे होते. अडवत नव्हते, नुसते उभे होते.

"बू," म्बाह कार्सी अतिशय आदराने म्हणाल्या, "बाहेर खुर्ची ठेवली आहे. उशीवरचे केस झटकले आहेत. निवांत बसायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचं."

"नुसतं मीठ, म्बाह. मीठ म्हणजे काही पीठ नव्हे."

"हो, बू," चौघे म्हणाले आणि कुणी हललं नाही.

बू हार्तिनी आंब्याखाली जाऊन बसल्या. तेलोला खाली उतरावं लागलं. अकरा वर्षांत त्याच्यावर पहिल्यांदाच काही संकट आलं होतं. आत म्बाह कार्सींनी मिठाच्या डब्यात हात घातला. त्यांची मूठ सुरकुतलेली आणि लहान होती. एक, दोन, तीन. त्या दिवशी सोलोतल्या एका मोरीत कित्येक वर्षांनी खारट पीठ गेलं नाही.

पहिला घाणा निघाला. म्बाह कार्सी ताटलीत एक गरम पेयेक घेऊन स्वतः बाहेर आल्या, मागोमाग बाकीचे तिघे. बू हार्तिनींनी तुकडा मोडला, चावला, आंब्याच्या पानांकडे बघत सावकाश गिळला.

"कसं झालंय, बू?" म्बाह कार्सींनी विचारलं.

बू हार्तिनी गोड हसल्या. "फार छान," त्या म्हणाल्या. "काही उणं नाही."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्बाह कार्सी आत गेल्या आणि चौथ्या मुठीसाठी त्यांनी मिठाचा डबा जवळ ओढला.